पाणी घालणं सगळ्यात शेवटी शिकवा

पत्र

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली, तेव्हापासून तो घरीच असतो. उशिरा उठतो, टीव्हीपुढे बसतो आणि संध्याकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतो. हे एक काम त्याला मनापासून आवडतं, पण तो इतकं पाणी घालतो की निम्मी झाडं कुजून गेली. आता एका संस्थेने बागकाम आणि रोपवाटिकेच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण सुरू केलं आहे. ते त्याला घ्यायला तयार आहेत. माझे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते, तीन वर्षांपूर्वी ते गेले. दीर म्हणतात, "आपल्या घरातल्या मुलाने लोकांच्या बागेत खुरपं घेऊन बसायचं का?" कुणीतरी असंही सांगितलं, की तो कमवायला लागला तर माझ्या मागे त्याला मिळणारी पेन्शन बंद होईल. मी त्याला पाठवू का? त्याला खरंच जमेल का?

– एक आई, धनकवडी

उत्तर

ताई, पाठवा. मात्र फी भरण्याआधी एक पूर्ण सकाळ त्या संस्थेत जाऊन बसा. कार्यालयात नव्हे, जिथे काम चालतं तिथे, शेडनेटखाली.

बसल्यावर एकच गोष्ट बघा: खुरपं कुणाच्या हातात आहे? पुष्कळ ठिकाणी असं दिसतं की माती शिक्षक कालवतात, रोप शिक्षक लावतात आणि मुलं पिशव्या नेऊन देतात. फोटो छान येतात, मुलंही खूश असतात, पण वर्ष संपलं तरी एकाही मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पिशवी एकट्याने भरता येत नाही. दुसऱ्या काही ठिकाणी मुलांचे हात कोपरापर्यंत मातीत असतात. दहातल्या दोन पिशव्या वाकड्या होतात, शिक्षक त्या रिकाम्या करून त्याच मुलाकडे परत देतात आणि गप्प उभे राहतात. ही दुसऱ्या प्रकारची जागा असेल तर इमारत साधी आहे का, बसायला खुर्ची आहे का, याचा विचारही करू नका.

आणखी एक विचारा: इथून शिकून गेलेले आज कुठे आहेत? "इथेच आहेत, छान रमलेत" असं उत्तर मिळालं तर ते दिवसभर सांभाळणारं केंद्र आहे असं समजा. अशा केंद्रांचीही आपल्याला फार गरज आहे, त्यांना मी कमी लेखत नाही. पण नोकरीचं प्रशिक्षण म्हणून वर्षभराची फी तिथे भरू नका. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 19 मध्ये बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी खास कौशल्य प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि त्या प्रशिक्षणाचा बाजाराशी सक्रिय संबंध हवा, असं तिथे म्हटलं आहे. तेव्हा तयार झालेली रोपं कुठे विकली जातात, कोणत्या नर्सरीत किंवा सोसायटीत मुलांना कामावर नेलं जातं, हे विचारायला संकोच करू नका. तुलनेसाठी दोन-तीन जागा पाहून या. गोखलेनगरची कामायनी ही संस्था या क्षेत्रात 1964 पासून काम करते आहे, तिथल्या कार्यशाळा बघा. मुळशीत कोळवणच्या बाजूला साधना व्हिलेज आहे. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं राहतात आणि रोजच्या कामांत वाटा उचलतात. त्याला तिथे घालायचं म्हणून नव्हे. काम करणारी मोठी माणसं कशी दिसतात, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. शाळा सुटल्यावर आपल्या मनातलं मूल अठराचंच राहतं. ते बदलायला हे बघणं उपयोगी पडतं.

आता पाण्याचं. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण "त्याला पाणीसुद्धा घालता येत नाही, मग बाकीचं काय जमणार" असा निष्कर्ष तुम्ही मनात काढला असणार. तो चुकीचा आहे. रोपवाटिकेत पाणी घालणं हे अवघड कामांपैकी एक आहे. मोगरा आणि कोरफड शेजारी असतील तर एकाला रोज पाणी लागतं, दुसरीला आठवड्यातून एकदा पुरतं. ढगाळ दिवशी कमी, वारा असेल तेव्हा जास्त. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल टिकते, मातीच्या कुंडीत उडून जाते. वरची माती कोरडी दिसली तरी आत चिखल असतो, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड सडतं. म्हणजे दर कुंडीपाशी नवा निर्णय घ्यावा लागतो. ज्याला असे निर्णय घेणं जड जातं, त्याला आपण "हे सोपं आहे" म्हणून नेमकं तेच काम पहिलं देतो. खुरपणीचंही तसंच. रोप कोणतं आणि तण कोणतं हे ओळखायला नजर लागते. झेंडूचं कोवळं रोप आणि गाजरगवताचं कोवळं रोप शेजारी ठेवलं तर नवख्या माणसाचाही गोंधळ होतो.

याउलट पिशव्या भरणं, ट्रेमध्ये बी टोकणं, रोपं क्रेटमध्ये लावणं, कंपोस्ट चाळणं ही कामं बाहेरून किचकट दिसतात, पण त्यांत दर वेळी तेच करायचं असतं आणि काम बरोबर झालं की नाही ते समोर दिसतं. रोपांच्या एका नेहमीच्या ट्रेला 98 कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक बी. एखादा कप्पा राहिला तर तो रिकामा दिसतो. मोजता येण्याची गरजच नाही. पिशव्याही मोजाव्या लागत नाहीत, क्रेट भरला की काम झालं. ज्या मुलाला दहाच्या पुढे आकडे येत नाहीत, तो अशा कामात दिवसाला शंभर पिशव्या भरू शकतो.

एक पिशवी भरण्याचे किती भाग होतात ते तुम्हीच करून पाहा. पिशवी उचलायची, चोळून तोंड उघडायचं (पातळ प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, पुष्कळ मुलं इथेच अडतात), कडा बाहेर दुमडायची, मिश्रण घालायचं, दोनदा जमिनीवर आपटायचं, पुन्हा भरायचं, वर दोन बोटं जागा ठेवायची, क्रेटमध्ये उभी करायची. यातली नेमकी कोणती पायरी अडते, हे प्रशिक्षकाला सांगता आलं पाहिजे. "त्याला पिशव्या भरता येत नाहीत" म्हणणारा प्रशिक्षक नको. "त्याला सगळं येतं, पिशवीचं तोंड उघडत नाही, म्हणून आम्ही पाइपचा तुकडा आत घालून देतो" असं सांगणारा हवा. 1970 च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलचे ब्रेक जोडायला शिकवलं. ही माणसं कुठलंच काम शिकू शकणार नाहीत, असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं होतं. गोल्ड यांचं म्हणणं साधं होतं: शिकणारा अडला तर शिकवण्याची रीत बदला. आज जगभरात वापरली जाणारी कामाचे लहान तुकडे करून शिकवण्याची पद्धत अशा प्रयोगांतून रुजली.

शिकवण्याचा क्रम उलटाही असतो. पहिले काही दिवस शिक्षक पिशवी भरून देतात आणि मुलगा ती फक्त क्रेटमध्ये उभी करतो. मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. यात दर वेळी काम पूर्ण करण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. सहा वर्षं घरी बसलेल्या मुलाला त्याची फार गरज असते.

हे तुम्हाला घरीही सुरू करता येईल, पण त्यासाठी तुम्हाला गप्प राहायला शिकावं लागेल. "हं, आता माती घे. आता आपट. अरे, वर जागा ठेव ना!" हे आपण प्रेमानेच बोलतो. पण मुलाच्या मनात ती वाक्यं कामाचाच भाग होऊन बसतात आणि आईचा आवाज आला नाही की हात थांबतो. हात धरून दाखवलेलं हळूहळू सोडवता येतं, बोटाने केलेली खूणही सोडवता येते, बोलण्याची सवय सोडवणं मात्र फार कठीण जातं. म्हणून दाखवा, थांबा, मनात पाचपर्यंत मोजा. तेवढ्यात त्याने काही केलं नाही तर फक्त बोट दाखवा.

गच्चीवरच्या पाण्यासाठी झारी बाजूला ठेवा, एक मग आणि कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे घ्या. रोज सकाळी ज्या कुंड्यांना पाणी हवं त्यांच्या काठाला तुम्ही चिमटा लावायचा. त्याने चिमटा असलेल्या कुंडीत एक मग पाणी घालायचं आणि चिमटा काढून डब्यात टाकायचा. डब्यात सगळे चिमटे आले की काम संपलं. निर्णय तुमचा, काम त्याचं. पुढे कधीतरी माती बोटाने दाबून बघायला शिकवता येईल. कदाचित तो ते शिकणारही नाही, तरी काही बिघडत नाही. नर्सरीत पाणी कुणाला द्यायचं हे ठरवणारी माणसं वेगळी असतात.

वेळेचंही सांगते. प्रशिक्षण कधीपासून घ्यायचं हे तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. जून-जुलैत नर्सऱ्यांमध्ये झुंबड असते. मांजरी, उरुळी कांचनच्या बाजूला टेम्पो भरून रोपं जातात, नव्या माणसाकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नसते. एप्रिल-मेच्या उन्हात सहा वर्षं घरात राहिलेलं शरीर टिकत नाही. हिवाळ्यात हंगामी फुलझाडांचं काम संथपणे चालू असतं, हवाही चांगली असते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, त्याला तिथे घेऊन जा. आपण भरतो तशा कुंड्या लोक तिकीट काढून बघायला येतात, हे त्याला बघू दे.

तोवर झोपेची घडी बसवा. नोकरीतून परत आलेली मुलं बहुतेक वेळा कामामुळे परत आलेली नसतात. उशिरा उठणं, बस चुकणं, चहाच्या सुट्टीनंतर परत कामाला न लागणं, दुपारी रडू येणं, लघवीला कुठे जायचं हे विचारता न येणं, अशा गोष्टींमुळे ती परत येतात. सकाळी सातला उठणं, स्वतः आंघोळ करणं, स्वतःचा डबा पिशवीत भरणं हे आत्तापासून त्याचं काम. बसचा प्रवास महिनाभर तुमच्याबरोबर, मग तुम्ही दोन सीट मागे, मग तुम्ही फक्त स्टॉपवर. पीएमपीच्या दिव्यांग पासची चौकशी करा. खिशात ओळखपत्र आणि तुमचा फोन नंबर असू द्या. तीन वाक्यं पक्की करून घ्या: "झालं", "मला कळलं नाही", "मला बरं वाटत नाही". आणि चौथं, मोठ्या आवाजात, "हात लावू नको." मोठा झालेला मुलगा आहे म्हणून त्याला कुणी त्रास देणार नाही, असं गृहीत धरू नका. एकटा मुकादम आणि एकटा तो, अशी कामाची रचना कुठे असेल तर मला ती चालणार नाही, तुम्हीही चालवून घेऊ नका.

तब्येतीबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही. त्याला फिट येत असतील तर हे संस्थेला पहिल्याच दिवशी सांगा, प्रवेश नाकारतील या भीतीने लपवू नका. पाण्याच्या हौदापाशी त्याला कधीही एकट्याने उभं करायचं नाही. फिटच्या काही गोळ्यांमुळे घाम कमी येतो आणि उन्हाचा त्रास लवकर होतो, ते डॉक्टरांना विचारून घ्या. मातीत काम करायचं म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतं, दमाही उसळतो. हे तण देशात पहिल्यांदा लक्षात आलं तेच 1950 च्या दशकात आपल्या पुण्यात, तेव्हा ते इथे नसेल असं समजू नका, हातमोजे द्या. कण्हेरीसारख्या विषारी झाडांची छाटणी त्याच्याकडे नको. औषधफवारणीच्या दिवशी त्याने त्या शेडमध्ये पाऊलही टाकायचं नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या.

त्याला हे आवडेलच असं नाही. झाडांना पाणी घालायला आवडणं वेगळं आणि चार तास शेणखतात हात घालणं वेगळं. काही मुलांना ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही, काहींना गांडुळाची किळस येते. म्हणून आधी आठवडा-दोन आठवडे बिनफीचं पाठवून बघू द्या, असं संस्थेला विचारा. नाहीच जमलं तर पॅकिंगचं, किचनचं, लॉन्ड्रीचं काम आहे. त्याने बागकाम नाकारलं म्हणजे काम नाकारलं असं होत नाही.

तुमच्या दिरांशी वाद घालू नका, त्यांना बरोबर न्या. त्या वाक्यामागे लोक काय म्हणतील ही भीती आहे, आणि कदाचित गेलेल्या भावाच्या मुलाबद्दलची मायाही आहे. आपल्यादेखत त्याला कमीपणा येऊ नये असं त्यांना वाटत असेल. पण बाणेर-वाकडपासून आंबेगावपर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, रोज वेळेवर येणारा माळी मिळतो का म्हणून. ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करायचं बंधन असलेल्या सोसायट्यांना तर ते खत उलटवायला, चाळायला माणूस सापडत नाही. जिथे माणूस मिळत नाही तिथे रोज येणाऱ्याची किंमत असते. मला विचाराल तर घरातल्या तरुणाने खुरपं धरण्यात कमीपणा नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला कुणीही कसलंच काम सांगू नये, यात आहे.

पेन्शनबद्दल सांगणाऱ्याने तुम्हाला अर्धवट माहिती दिली. केंद्र सरकारी निवृत्तिवेतनात दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, मात्र दिव्यांगत्वामुळे ते अपत्य स्वतःच्या उपजीविकेइतकं कमवू शकत नसलं पाहिजे. 2021 मध्ये केंद्राने उत्पन्नाचा निकष सैल केला. पेन्शनखेरीजचं त्याचं एकूण उत्पन्न सर्वसाधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे यजमानांच्या शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के आणि त्यावरचा महागाई दिलासा यांच्या बेरजेपेक्षा, कमी असेल तर तो पात्र राहतो. समजा शेवटचं वेतन 50,000 रुपये होतं, तर 30 टक्के म्हणजे 15,000, आणि वर महागाईची रक्कम. प्रशिक्षणातलं विद्यावेतन याच्या जवळपासही जाणार नाही. पूर्ण पगाराची नोकरी लागली तर आकडे पुन्हा मांडावे लागतील, तेव्हा ते पेन्शन कार्यालयाकडून लेखी घ्या. त्याहून तातडीचं म्हणजे तुम्ही हयात असताना त्याचं नाव तुमच्या पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, नोंदवून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) तयार नसेल तर आधी ते. या एका कामात दिरांची मदत मागा. नोकरदार घरातल्या माणसाला कागद समजतात आणि त्यांनाही काहीतरी करायला मिळेल.

पगार त्याच्याच खात्यात जायला हवा, तुमच्या नव्हे. खात्याचे व्यवहार त्याला पेलणार नाहीत असं वाटत असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे पालकत्वासाठी अर्ज करा. मुलगा अठराचा झाला की आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही, हे पुष्कळ घरांत बँकेच्या खिडकीवर कळतं. समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. विद्यावेतन असेल तर ते विद्यावेतन आणि पगार असेल तर पगार, दोन्ही कागदावर वेगवेगळे लिहून घ्या. वर्ष संपल्यावरही "अजून शिकतोच आहे" म्हणत विद्यावेतनावर राबवणारी ठिकाणं असतात. पहिल्या रकमेतून त्याला काय घ्यायचं ते त्याला ठरवू द्या, मग तो दहा चॉकलेटं घेवो.

पहिला आठवडा अवघड जाईल. तो चिडेल, दमेल, एखाद्या सकाळी जाणारच नाही म्हणेल, आणि तुम्हाला वाटेल की उगीच पाठवलं. त्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. महिन्याने मला पुन्हा लिहा आणि पत्रात "जमतंय" किंवा "जमत नाही" एवढंच लिहू नका. कोणती पायरी अडली आहे, ते लिहा.